शिष्टरबाईंचा शेवटचा वार्ड

माणूस भेटला की कोणी नमस्कार करतं, कोणी रामराम घालतं, पलीकडच्या गोंडी गावांत जोहार म्हणतात. आमच्या कुसुम शिष्टर समोरच्याचा डोळा खाली ओढायच्या. रस्त्यात, लग्नात, तेरवीत, कुठंही. अंगठ्यानं खालची पापणी ओढायची, आतली लाली बघायची आणि साऱ्यांसमोर जाहीर करायचं, "रक्त कमी हाय. गूळ-शेंगदाणे खात जा." रिटायर झाल्या तेव्हा गावानं त्यांचा सत्कार ठेवला, तर शाल खांद्यावर पडायच्या आधी त्यांनी नगरपंचायतीच्या अध्यक्षांचाच डोळा ओढला. माईक चालू होता. "बंडूभाऊ, तुमचं तं पारच पांढरं हाय जी!" हे वाक्य थेट बस स्टँडपर्यंत ऐकू गेलं. पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ कबरस्तानात आहे असं लोक समजतात. मला विचाराल तर ते बंडूभाऊंच्या त्या डोळ्यात आहे.

गावाचं नाव मी सांगत नाही. मूल गाव सोडून गडचिरोलीकडं निघालं की जिथं एस.टी. चहाला थांबत नाही ते आमचं गाव, एवढं पुरे. माझं मेडिकलचं दुकान. दुकानाला लागून शिष्टरबाईंचं घर, आणि दोघांच्या मागं इंग्रजांच्या काळातलं कबरस्तान. म्हणजे होतं म्हणे. दिसायचं ते नुसतं रान. घाणेरी, बेशरम, तरोटा, गाजरगवत, आणि वरून साऱ्या गावानं वर्षानुवर्षं भिंतीवरून भिरकावलेला कचरा. आम्ही लहानपणापासून त्याला 'गोऱ्यायचं मसण' म्हणत आलो. चेंडू तिकडं गेला की त्या चेंडूवर पाणी सोडायचं, अशी आमची रीत.

शिष्टरबाईंची नर्सची सारी नोकरी जंगलातल्या सरकारी उपकेंद्रांत गेली. यजमान लवकर वारले, मुलगी लग्न होऊन नाशकात. बाईंनी किती बाळंतपणं केली आणि किती लोकांच्या बोटाला सुई टोचून मलेरियाचं रक्त काढलं याचा हिशेब त्यांनाही नव्हता. एकदा म्हणे एस.टी.त एक म्हातारा थंडीनं कुडकुडताना दिसला, तर बाईंनी त्याचं रक्त घेतलंच, शिवाय साऱ्या गाडीचं घेतलं. ड्रायव्हर नाही म्हणाला. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. शेवटी ड्रायव्हरनं बोट पुढं केलं तेव्हा गाडी हलली. आणि गंमत अशी की मलेरिया निघाला तो ड्रायव्हरलाच.

अशी बाई रिटायर होऊन घरी बसली तर काय होणार? माझ्या दुकानात येऊन बसायच्या आणि गिऱ्हाईकांना माझ्याच औषधांपासून परावृत्त करायच्या. "हे टॉनिक कायले घेतं बावा? साखरेचं पाणी हाय ते. घरी जाऊन भाजी खाय." मी तोंड दाबून बसायचो. पांढरी साडी त्यांनी रिटायर झाल्यावरही सोडली नव्हती. घड्याळ मनगटावर नाही, पदराला पिनेनं अडकवलेलं.

मग एका पावसाळ्यात त्यांच्या मोरीत धामण निघाली. दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं, चार माणसं काठ्या घेऊन आली असती. बाईंनी टॉर्च घेतला आणि धामण निघून जायला लागली तशा तिच्यामागं चालत गेल्या. का, तर ती राहते कुठं ते बघायला. भिंतीचं भगदाड, मग घाणेरी, मग कबरस्तान. तासाभरानं माझ्या दुकानात आल्या त्या केसात काटक्या, साडीला कुसळं आणि डोळ्यांत नोकरीच्या पहिल्या दिवसाची चमक घेऊन.

"शरदभाऊ, मांगं वार्ड हाय."

"काय हाय?"

"वार्ड! दहा-पंधरा बेड हायेत. साराच्या सारा वार्ड घाणीत पडून हाय आन् पाहणारं कोणी नाई. उद्या सकाळी चला. विळा घ्या."

"बाई, माझं दुकान..."

"डोळा दाखवा."

डोळा ओढल्यावर माणूस नाही म्हणू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन हजर. माझ्याकडं काम दुहेरी होतं: घाणेरी कापायची आणि 'केसपेपर' वाचायचे. केसपेपर म्हणजे कबरीवरचं इंग्रजी. मी शेवाळ खरवडायचो, अक्षरं जुळवायचो आणि बाई पदराचं घड्याळ सरळ करून शेजारी उभ्या राहायच्या.

पहिला निघाला जंगल खात्याचा कोणी साहेब. नावाचा अर्धा दगड उडालेला, पण कशानं मेला ते शाबूत होतं.

"फीवर," मी वाचलं.

"मलेरिया," बाई म्हणाल्या. "गोळ्या नाई खाल्ल्या."

दुसराही फीवर. "गोळ्या नाई खाल्ल्या." तिसरा कॉलरा. "पाणी उकळून नाई पेला." चौथा रेल्वेच्या कामावर आलेला, त्याला वाघानं खाल्लेलं. मला वाटलं, आता बाई काय बोलतात बघू. बाईंनी क्षणभर विचार केला. "जंगलात एकटा कायले गेलता? संगं माणूस न्याले पाह्यजे होता." चूक पेशंटचीच.

एका कबरीवर दगडाची परी होती, एक पंख मोडून खाली पडलेली. बाईंनी माझ्याच दुकानातून प्लास्टरची पट्टी नेली, पंख जागेवर धरून भिजवलेली पट्टी गुंडाळली, आणि वर एक दोरी बांधून ती गळ्यात अडकवली, मोडलेला हात अडकवतात तशी. ती परी आजही तशीच आहे. नागपूरचे कोणी जाणकार येऊन गेले, त्यांनी कपाळाला हात लावला. पण पंख पडलेला नाही, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

पार कोपऱ्यात, बेशरमाच्या मुळ्यांत, दोन दगड निघाले. एक मोठा, एक वीतभर. मोठ्यावर एका बाईचं नाव, वय माझ्या धाकट्या सुनेएवढं. लहान दगडावर नावच नव्हतं, नुसतं 'इन्फंट'. तारीख दोन्हीवर एकच. मी वाचून दाखवलं आणि बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. आता काय म्हणतात? गोळ्या नाही, पाणी नाही, काहीच नाही. बाई खाली बसल्या. गुडघे त्यांचे दुखायचे, तरी बसल्या. मग म्हणाल्या, "जवळ कोणी नव्हतं वाटते हिच्या. मी तेव्हा असती तं..." आणि पदरानं तो वीतभर दगड पुसायला लागल्या. त्या दिवसापासून सकाळचा राउंड त्या दोन दगडांपासून सुरू व्हायचा. आम्ही दुसरीकडं कितीही मेहनत केली तरी बाई आधी तिथं हात फिरवून यायच्या.

आता बंडूभाऊ. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते, हे तुम्हाला ठाऊक असेल. पाव्हणेरावळे, कोंबडी-मटण आणि रात्रभर नाटक. बंडूभाऊंच्या मनात आलं की यंदा नाटकाचा पेंडॉल कबरस्तानाच्या जागेवर टाकायचा आणि मंडई संपली की तिथंच दुकानाचे गाळे काढायचे. एका सकाळी गाडीतून उतरले, रुमाल नाकाला लावून भिंतीपाशी उभे राहिले.

"शिष्टरबाई, सोडा आता हे. पुढच्या महिन्यात जेसीबी येऊन राह्यला."

"इथी माणसं झोपली हायेत, बंडूभाऊ."

"शंभर वर्षं झाली, आता काय उठते ते?"

"माझ्या वार्डातला पेशंट हलवायचा असन तं माझी सही लागन," बाई म्हणाल्या. "आन् मी देत नाई."

बंडूभाऊ हसले. डोळ्यावरचा जुना हिशेब त्यांना चुकता करायचा होता. "असं करू. मंडईपर्यंत सारी जागा साफ करून दाखवा. एक झुडूप दिसू नाई पाह्यजे. झालं तं ठेवू. नाई झालं तं जेसीबी." एवढं रान दोन म्हाताऱ्या माणसांच्यानं होणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यांना तर कळतच होतं.

ते गेल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "शरदभाऊ, नोकरीत असताना एक पेशंट मी वाऱ्यावर नाई सोडला. हे माझे शेवटचे. याईच्यावरून जेसीबी गेला तं मी कोणत्या तोंडानं जगू?" चेष्टा करायची माझी हिंमत झाली नाही.

श्रमदानाचा बोर्ड लावला. दवंडीही दिली. पहिल्या रविवारी तिघं आले: बाई, मी आणि एक फोटोग्राफर. त्यानं आमचा विळ्यासकट फोटो काढला आणि गेला. दुसऱ्या रविवारी फोटोग्राफरही आला नाही. लोक म्हणायचे, जिवंत माणसाचं करणारं कोणी नाही, मेलेल्याचं कोण करते, आणि तेही इंग्रजाचं! आम्ही दोघं रोज कापायचो आणि पावसाळी तरोटा मागून उगवत यायचा. बाईंची कंबर धरली, माझे हात फुटले. दिवाळी तोंडावर आली आणि निम्मंही रान हटलं नव्हतं.

आणि इथं बाईंच्या हातून ती चूक झाली. पोलिओच्या रविवारी डोस पाजलेल्या लेकराच्या करंगळीला शाईची खूण करतात, म्हणजे तेच लेकरू परत रांगेत लागत नाही. बाईंना सवय तीच. जी कबर साफ झाली तिच्या दगडाला त्या गेरूचं एक बोट ओढायच्या. हा बेड झाला, आता पुढचा. साधा कामाचा हिशेब. पण आयुष्यभर झाडीत राहिलेल्या बाईला एवढं कळू नये? आमच्याकडं दगडाला लाल बोट लागलं की तो दगड राहतो का, सांगा बरं!

सोमवारी सकाळी आम्ही गेलो तर जंगल खात्याच्या साहेबापुढं नारळ फुटलेला. अगरबत्ती. हळद-कुंकू. आणि साहेबाच्या उशाशी तानाबाई हात जोडून बसलेली. तानाबाई म्हणजे माझ्या दुकानासमोर भाजी विकणारी.

"हे काय करून राह्यली वं?" बाई ओरडल्या.

"नवस फेडून राह्यली बाई. माह्या नातवाचा ताप उतरला. सायेबबाबा पावला."

"अवं, ताप माह्या गोळ्यानं उतरला! परवा मीच नाई का देल्ल्या तुले?"

"गोळ्या देल्ल्या ना. पण गोळ्या तं मागच्या वर्षीबी देल्ल्या होत्या. तवा सायेबबाबा नव्हता, तं ताप चांगला आठ दिवस राह्यला."

बाईंना असा संताप आलेला मी पाहिला नव्हता. "अवं हा सोता तापानं मेला! गोळ्या नाई खाल्ल्या म्हणून मेला! जो आपला ताप उतरवू शकला नाई तो तुह्या नातवाचा काय उतरवन?"

तानाबाई शांतपणे म्हणाली, "म्हणून तं त्याले तापाचं समजते, बाई."

 बाईंनी झाडू उचलला आणि नारळाच्या करवंट्या लोटायला लागल्या.

आठवड्याभरात नुसती रीघ लागली. जी माणसं श्रमदानाला बोलावून आली नाहीत ती आता न बोलावता पहाटेपासून हजर. प्रत्येक कबरीचं खातं ठरलं. फीवरचा साहेब तापाला, कॉलरावाला पोटाला, परी लग्नाला. वाघानं खाल्लेला म्हणाल तर जंगलात सरपण आणायला जाणाऱ्या बाया त्याला हात जोडून जायच्या, आणि त्यात मला खरंच काही वावगं वाटलं नाही. साहेबाला काय आवडतं यावर चावडीवर खल झाला. कोणी ब्रेड ठेवला, कोणी बिस्किटाचा पुडा, कोणी उकडलेलं अंडं. कोंबडं चालतं की नाही यावर दोघांची हातघाई झाली. एका आजोबांच्या मनात आलं, साहेबाला मराठी कुठून कळणार? म्हणून त्यांनी इंग्लिश मिडियमला जाणाऱ्या नातवाला उभं केलं आणि त्याच्याकडून ए फॉर ॲपलपासून झेडपर्यंत म्हणवून घेतलं. मधेच पोराला क्यू आठवेना. आजोबा घामाघूम झाले, एका अक्षरापायी नवस वाया जातो की काय!

बंडूभाऊंचा जेसीबी राहिला बाजूला, आता वार्डात कचरा पूर्वीपेक्षा दुप्पट. नारळाच्या शेंड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, अंड्याची टरफलं, मुंग्या. रान होतं तिथंच. मंडईला आता थोडेच दिवस राहिलेले. बाई झाडू घेऊन एकीकडून लोटायच्या आणि दुसरीकडून नारळ फुटायचा. एका सकाळी त्यांचा तोल गेला. एक जोडपं भक्तिभावानं विचारत होतं, "बाई, सायबाले काय चालते? पेढे चालते का?"

"काई चालत नाई!" बाईंनी झाडू आपटला. "ना पेढा चालत, ना अंडं चालत! उपटलेलं गवत चालते! उपटा आन् टाका तिकडं!"

बोलल्या आणि रागानं घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर पाचसहा बाया ओळीनं बसून तरोटा उपटत होत्या. एकीचं उपटून झालं, तिनं जुडी बांधली, साहेबापुढं ठेवली, नमस्कार केला, आणि मग जुडी उचलून भिंतीबाहेरच्या ढिगावर टाकून आली. नेमकं सांगितलं तसं.

बाई बघत राहिल्या. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. मग त्यांनी सावकाश पदराचं घड्याळ सरळ केलं. मी समजलो, आता ओपीडी सुरू.

परीजवळ एक स्टूल टाकून बाई बसायला लागल्या. नवसवाला आला की आधी डोळा. मग, "काय तरास हाय?" मग डोस. तापासाठी दोन हात घाणेरी, मुळासकट, तीन दिवस, उपाशीपोटी नाही. पोटदुखीला एक कबर घासायची, खराट्यानं. पोरीचं लग्न जमत नसेल तर परीच्या भोवतालचं गाजरगवत, पण हातात पिशवी घालून, नाही तर खाज सुटते. आणि तापाचा नवस असेल तर आधी रक्त. "रक्त तपासल्याबिगर सायेब नवस घेत नाई," बाई ठणकावून सांगायच्या. दवाखान्याच्या माणसाला बोट द्यायला जे वर्षानुवर्षं पळून जात होते ते आपल्या पायानं येऊन बोट पुढं करायला लागले. सरकारी गाडीतून एक साहेब विचारायला आला, तुमच्या गावाचे नमुने एकदम एवढे वाढले कसे? बाई म्हणाल्या, "जागृती."

मला मात्र पटत नव्हतं. "बाई, हे लबाडीचं नाही का? तुमचा तर विश्वास नाही."

"माहा गोळ्यांवर विश्वास हाय," बाई म्हणाल्या. "पण कडू गोळी मी जन्मभर गुळातच देल्ली. तोंड वाकडं नका करू, तुमच्या दुकानात तं नुसता गूळच विकता."

मंडईच्या आधी चार दिवस, उजाडता उजाडता, मी दुकान झाडत होतो. डोक्यावरून शाल ओढून एक माणूस भिंतीच्या भगदाडातून आत शिरला. पोटावरून मी ओळखला. बंडूभाऊ! मी भिंतीला कान लावला. असली संधी कोण सोडतं?

"शिष्टरबाई, कोणाले सांगू नका. आमदारकीचं तिकीट पाह्यजे."

"डोळा दाखवा."

आता डोळा ओढला जात असणार.

"अजून पांढराच हाय," बाई म्हणाल्या. "तिकिटाचा डोस मोठा राह्यते, भाऊ. नालीकडच्या भिंतीचा बेशरम. साराच्या सारा."

"जेसीबी लावतो ना. अर्ध्या घंट्यात..."

"हातानं. जेसीबीनं नवस लागत नाई."

तुम्हाला सांगतो, आमच्या नगरपंचायतीचे अध्यक्ष तीन पहाटे शालीत तोंड लपवून बेशरम उपटत होते. तिसऱ्या दिवशी तर सारा गाव भिंतीवर बसून बघत होता आणि शाल नुसती नावाला उरली होती. शेवटचं झुडूप त्यांनीच उपटलं. उपटून सरळ उभे राहिले, चौफेर नजर टाकली, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की जागा साफ झाली आहे. एक झुडूप दिसत नव्हतं. अट त्यांचीच, हातही त्यांचेच.

जेसीबी आला नाही. पेंडॉल आठवडी बाजारात पडला. नवस बोललेल्या जागेवर गाळे काढायची छाती आमच्या भागात कोणाची होणार? बंडूभाऊंना तिकीटही मिळालं. मग ते निवडणुकीत आपटले आणि तणतणत बाईंकडं आले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी तिकिटाचा नवस बोलला होता, भाऊ. निवडून याचा डोस वेगळा होता."

पुढं अडचण अशी झाली की वार्डात गवतच उरलं नाही. रोज एवढे हात लागले की तरोट्याचं पान उगवायची खोटी, लगेच उपटलं जायचं. लोक नवस बोलून ठेवायचे आणि फेडायला काही सापडायचं नाही. रांगत रांगत दगडांच्या फटी शोधायचे. एक दिवस बाईंनी तानाबाईला रंगेहात पकडलं. तिनं घरून गवताचा ठोंब आणला होता. साहेबाच्या पायाशी लावला, माती दाबली, हात जोडले, आणि उपटला.

"सायबाले फसवून राह्यली का वं?" बाई कडाडल्या. "लावते आन् उपटते? हे काय नवस फेडणं झालं? असं केलं तं लागत नाई! लबाडी हाय ही!" तानाबाई कान पकडून पळाली. त्या दिवशी बाईंनी भगदाडापाशी पाटीच लावली: 'बाहेरचे गवत आणू नये.'

बाई गेल्या त्या मी नागपुरात मुलाकडं पडून होतो तेव्हा. झोपेत गेल्या, कोणाला डोळा दाखवायची संधी न देता. मुलीनं राख मार्कंड्याला नेऊन वैनगंगेत सोडली. मी परत आलो तर वार्डाच्या कोपऱ्यात, त्या दोन दगडांच्या शेजारी, गावानं तिसरा दगड उभा केलेला. त्यावर नाव नाही, गेरूचं एक बोट. बाळंतपणाला पावतो म्हणतात. तिथं नवस बोलणारणीला आधी हिमोग्लोबिन तपासून यावं लागतं, ही शिस्त तानाबाई सांभाळते. बाईंनी बघितलं असतं तर झाडू आपटला असता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नागपूरला जायच्या सकाळी. छातीत दुखत होतं, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं. घरच्यांशिवाय हे मी फक्त बाईंना सांगितलं होतं. आदल्या दिवशी सांगितलं तेव्हा त्यांनी मला झाडून काढलं. "बीपीच्या गोळ्या खात होते का? खरं सांगा." मी मान खाली घातली. "बाप्पा! मेडिकलवाला आन् गोळ्या नाई खाल्ल्या!" मला भीती वाटत होती, ती लपवायला मी चेष्टेत म्हणालो, "बाई, माझ्यासाठी सायबाला काही बोलता का?"

"मी कोणासाठी बोलत नसती," बाई तुटून पडल्या. "तो सोता गोळ्या न खाता मेला. तो आन् तुमी सारखेच. जा, गोळ्या खा."

सकाळची गाडी होती. बायको सामान घेऊन स्टँडवर पुढं गेली आणि मी बाईंचा निरोप घ्यायला मागं वळलो. घराला कडी होती, म्हणून भिंतीच्या भगदाडातून डोकावलो.

बाई कोपऱ्यात, त्या लहान दगडापाशी, गुडघे टेकून बसल्या होत्या. साहेबापाशी नाही, त्या बिननावाच्या लेकरापाशी. शेजारी पिशवी. बाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग पिशवीतून गवताचा एक ठोंब काढला. आपल्या अंगणातला होता, मुळाला ओली माती होती. बोटानं खड्डा केला, ठोंब लावला, माती दाबली. डोळे मिटून काही पुटपुटल्या. आणि दोन्ही हातांनी तो उपटला.

मी झटकन मागं झालो आणि दुकानाच्या ओट्यावर येऊन उभा राहिलो. मला रडू आवरत नव्हतं आणि हसूही. बाई भगदाडातून बाहेर आल्या, पांढऱ्या साडीला दोन्ही गुडघ्यांवर चिखल. मला बघून दचकल्या, पिशवी पाठीमागं धरली.

"अजून गेले नाई काऊन? गाडी सुटन ना."

"निघालोच."

"गोळ्या खाल्ल्या का?"

"खाल्ल्या, बाई."

"डोळा दाखवा."

मी वाकलो. त्यांनी अंगठ्यानं पापणी खाली ओढली, नीट बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि या वेळी काहीच जाहीर केलं नाही. नुसतं म्हणाल्या, "जा."

गाडीत बायको म्हणाली, "अहो, गालाला मातीचं बोट लागलंय, पुसा ते." मी खिडकीतून मागं बघत होतो. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, पदराचं घड्याळ सरळ करत. ते बोट मी नागपूरपर्यंत पुसलं नाही.